पावाच्या डब्यातला सर्जन

माझ्या बाबांचा देवावर विश्वास आहे, पण लॅमिनेशनवर त्याहून जास्त आहे. यावरून त्यांची थट्टा करायचीही सोय नाही. सांगलीत कृष्णेचं पाणी घरात शिरलं तेव्हा देव्हारा बुडाला आणि बाबांच्या गुणपत्रिका वाचल्या. पाणी उतरल्यावर ते गुडघाभर चिखलातून आत गेले. लग्नाच्या फोटोंचा लगदा झाला होता. आईनं माहेरून आणलेली पत्रं, आजोबांच्या वेळचे मोडीतले कागद, सगळं कालवलेल्या पिठासारखं एकमेकांत मिसळून गेलं होतं. बाबांची लॅमिनेट केलेल्या कागदांची फाइल तेवढी गाळात सापडली. त्यांनी एकेक पान नळाखाली धरलं, फडक्यानं पुसलं आणि कपड्यांच्या दोरीवर चिमट्यांनी अडकवून ठेवलं. बी.एड.चं प्रमाणपत्र, मुख्याध्यापक म्हणून नेमणुकीचा आदेश, निवृत्तीचा सत्कार, सगळं शाबूत. अक्षर न् अक्षर वाचता येत होतं.

त्यानंतर आई फार दिवस काढू शकली नाही, आणि बाबा लॅमिनेशनचे प्रचारक झाले. कुणाचं बाळंतपण झालं की पेढ्याआधी जन्मदाखल्याची चौकशी. माझ्या जर्मन नागरिकत्वाच्या कागदाबद्दल फोनवर त्यांचा पहिला प्रश्न होता, "लॅमिनेट करून घेतलास का?" मी नाही म्हटलं, तर एवढी शिकलेली मुलगी असून असं कसं, म्हणून दोन दिवस नाराज होते.

आता सासऱ्यांकडे येते. माझे सासरे ऑस्ट्रियाचे. लहानपणीच आईबरोबर इकडे जर्मनीत आले आणि पुढे एर्लांगेनमध्येच वैद्यकीय यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर म्हणून आयुष्य काढलं. पण बोलण्यात ऑस्ट्रिया शेवटपर्यंत राहिला. त्यांचे वडील जुन्या बादशाही सैन्यात सर्जन होते, पलटणीतले. साम्राज्य मोडलं, पलटण मोडली, सर्जनसाहेब घरी बसले, आणि उतारवयात त्यांना हा एकुलता एक मुलगा झाला. मुलगा चार वर्षांचा असताना ते गेले. सासऱ्यांना वडील आठवत नव्हते. चेहरा नाही, आवाज नाही, काही नाही. त्यांच्या आईनं इकडे येताना पत्र्याच्या पावाच्या डब्यात भरून आणलेले कागद, एवढेच वडील त्यांच्या वाट्याला आले.

कागद म्हणजे नोकरीचेच. सैन्यात घेतल्याचा हुकूम, बढत्यांचे हुकूम, दोन डोकी असलेल्या गरुडाचा शिक्का मारलेला पदकाचा दाखला, या लष्करी दवाखान्यातून त्या दवाखान्यात बदली केल्याची पत्रं, शेवटी निवृत्तीचं. आणि त्यात एक वरिष्ठांनी लिहिलेला शेरा होता, त्याची सहीशिक्क्यानिशी नक्कल. स्वभाव शांत. शस्त्रक्रियेत हात चांगला. घोड्यावर बसणं बरं. जर्मन उत्तम, इटालियन ठीक, पोलिश कामापुरती. तो शेरा सासऱ्यांना तोंडपाठ होता. जुन्या वळणाची ती जर्मन लिपी आमच्या घरात फक्त त्यांनाच वाचता यायची. माझ्या नवऱ्याला त्यात रस नव्हता. "स्कॅन करू या आणि फेर्टिश, काम संपलं," असं तो वर्षानुवर्षं म्हणत आला आणि स्कॅन त्यानं कधी केलं नाही. ते आमचं नेहमीचंच आहे, त्याच्यावर आता काय चिडायचं.

सासऱ्यांचं हृदय थकलं तेव्हा त्यांनी स्वतःच फ्लेगेहाइममध्ये जायचं ठरवलं. म्हाताऱ्या माणसांची काळजी घेणारी ती जागा आमच्या घरापासून सायकलनं जवळ होती. खोलीत एक पलंग, एक खुर्ची, एक कपाट. आयुष्यभराच्या वस्तू वाटून टाकताना त्यांनी एकदाही तोंड वाकडं केलं नाही. पुस्तकं दिली, बुटांचे जोड दिले, बायकोची शिलाई मशीन सुद्धा दिली. डब्याशी मात्र अडले. एका दुपारी मला समोर बसवून म्हणाले, "हे कुठंतरी नीट लागायला हवं. माझ्यानंतर यांना ओळखणारं कुणी नाही. तुझा नवरा खाली तळघरात, केलरमध्ये ठेवेल आणि विसरेल."

खोटं काय होतं त्यात? मी दुसऱ्या एका शहरातल्या वैद्यकीय इतिहासाच्या आर्खीवला, जुने कागद जपणाऱ्या संस्थेला लिहिलं. चक्क उत्तर आलं. असे कागद एका माणसाचे, सलग, सुरुवातीपासून शेवटापर्यंत क्वचितच मिळतात, आम्हाला नक्की हवे आहेत, आमच्या बाई स्वतः येऊन नेतील. त्या माणसाच्या नावानं वेगळी पेटी होईल, असंही लिहिलं होतं. मी ते सासऱ्यांना वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग चष्मा काढून पुसत बसले. "पेटीवर नाव असेल," म्हणाले. "म्हणजे कुणीतरी कधीतरी ते वाचेल." त्या माणसाला दुसरं काहीच नको होतं. डबा त्यांनी माझ्या हातात दिला, कारण आर्खीवच्या बाईंबरोबरची टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, आमच्या घरी ठरली होती.

नेमके त्याच सुमारास बाबा तीन महिन्यांच्या व्हिसावर आले.

दोन्ही म्हाताऱ्यांची गट्टी आधीपासूनच होती. लग्नात भेटले तेव्हापासून. बाबा त्यांना "व्याहीसाहेब" म्हणायचे आणि सासऱ्यांना तो शब्द म्हणजे काहीतरी लष्करी हुद्दा वाटायचा, ते खूश असायचे. ते बाबांना "हेर डिरेक्टोर" म्हणायचे, म्हणजे मुख्याध्यापक महाशय. दोघांचं इंग्रजी दोन वेगळ्या गावचं, पण अडायचं नाही. बाबा रोज दुपारी चालत फ्लेगेहाइमला जायचे. जाताना घरचं काहीतरी डब्यात न्यायचे, भाताचे सांडगे म्हणू नका, शेंगदाण्याची चटणी म्हणू नका. सासऱ्यांना तिखट सोसायचं नाही, तरी बोटाच्या टोकावर घेऊन चाटायचे आणि खोकत हसायचे.

मध्ये एका रविवारी आम्ही सासऱ्यांना घरी जेवायला आणलं. जेवण झाल्यावर त्यांनी बाबांसाठी डबा उघडायला सांगितला. झाकण निघालं तसा तो वास आला, जुन्या कागदाचा, कापराचा, आणि खाली कुठंतरी औषधाचा. सासऱ्यांनी आधी डब्यात नाक घातलं, मग कागदाला हात लावला. हे ते दर वेळी करायचे. मी त्यावर कधी विचार केला नव्हता. मग त्यांनी वडिलांचा शेरा मोठ्यानं वाचला आणि इंग्रजीत बाबांना समजावला. "स्वभाव शांत" याच्यावर बाबांनी मान हलवली. ते म्हणाले, "माझ्या गोपनीय अहवालात पण असंच लिहिलं होतं, फक्त घोड्यावर बसणं नव्हतं." सासरे खूप हसले. हसताना त्यांचा हात थरथरला आणि बढतीचा एक हुकूम घडीवर टरकन फाटला. फार नाही, बोटभर. पण त्यांचा चेहरा एकदम पडला. "हे असंच होतंय," म्हणाले. "मी हात लावला की जातात."

बाबांनी तो हुकूम हातात घेऊन फाटलेल्या कडेवरून बोट फिरवलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं असं नवरा नंतर म्हणाला. कळायला हवं होतं म्हणे. त्याला काय कळलं होतं, तो भांडी लावत होता.

त्यानंतरच्या बुधवारी मी ऑफिसातून आले तेव्हा जेवणाच्या टेबलावर सर्जनसाहेब मांडलेले होते.

आमच्या मुलीच्या शाळेच्या दिवसांत घेतलेलं लॅमिनेटर केलरमध्ये पडून होतं. बाबांना ते आधीच सापडलं होतं, आणि पाऊच त्यांनी बाजारपेठेतल्या दुकानातून खाणाखुणा करून आणले होते. सगळं टेबल चकचकत होतं. एकेक कागद प्लास्टिकात, कडा सारख्या कापलेल्या, कोपरे कात्रीनं गोल केलेले, बोटाला लागू नयेत म्हणून. जुने कागद ए-फोरपेक्षा लांब असतात. पाऊचमध्ये मावत नव्हते, म्हणून बाबांनी खालची कोरी पट्टी पट्टीपेन्सिलीनं आखून कापली होती. कोरी त्यांच्या मते. त्या पट्टीवर शिसपेनीनं जावक क्रमांक आणि कचेरीच्या खुणा होत्या. चार पानी कागद त्यांनी घडीवर कापून दोन केले होते. आणि पदकाच्या दाखल्यावर लाखेचा शिक्का होता, तो मशीनमध्ये वितळून पानभर पसरला होता. गरुडाचं काही उरलं नव्हतं, नुसता लाल डाग.

"तेवढा एक बिघडला," बाबा म्हणाले. "बाकी बघ. आता शंभर वर्षं काही होत नाही. व्याहीसाहेबांनी कसेही धरू देत. अगं, न्यायला लोक येणार आणि आपण त्यांच्या हातात अशा चिंध्या ठेवायच्या? आपली काही अब्रू आहे की नाही?"

मला राग लवकर येतो, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. आवाज चढतो, भांडी आपटतात. त्या दिवशी काही चढलं नाही. मी खुर्ची ओढून बसले आणि "कापलेल्या पट्ट्या कुठे आहेत?" एवढंच विचारलं. बाबा म्हणाले, निळ्या डब्यात, कागदाच्या, मला आता तुमचं सगळं वर्गीकरण कळतं. निळा डबा त्या दुपारीच रिकामा करून नेला होता.

बाबा पाठीला हात लावून उभे होते, दिवसभर वाकून काम केल्यावर माणूस राहतो तसे. ऐंशीला आलेला माणूस. जेवलाही नव्हता, चहाचा कप तसाच थंड होता. पुरातून ज्यामुळे त्यांचे कागद वाचले, तेच त्यांनी आपल्या मित्रासाठी केलं होतं. "छान झालंय," म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. त्यांच्यासाठी रडले की सासऱ्यांसाठी, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी आर्खीवला फोन केला. त्या बाई चांगल्या होत्या. ओरडल्या नाहीत, "आख गॉट", अरे देवा, एवढंच म्हणाल्या. मग विचारलं, गरम मशीन की थंड? मी गरम म्हटलं. त्यांनी मला कागद दुरुस्त करणाऱ्या एका तज्ज्ञाचा पत्ता दिला. मी त्यातल्या त्यात साधं एक बदलीचं पत्र घेऊन रेगिओनालबानच्या गाडीतून त्याच्याकडे गेले. त्यानं भिंगाखाली बघितलं, एका कोपऱ्यावर कसलंसं द्रावण लावलं, चिमट्यानं प्लास्टिक उचललं. प्लास्टिक आलं, त्याच्याबरोबर कागदाचा वरचा पापुद्रा आला, आणि शाई त्या पापुद्र्यावर होती. त्यानं चिमटा खाली ठेवला. "आल्झो, हे बघा, मी हे करणार नाही," म्हणाला, "कुणी करतो म्हणालं तरी देऊ नका."

आर्खीवनं मग रीतसर कळवलं. कापलेले, क्रमांक नसलेले, प्लास्टिकात वितळवलेले कागद संग्रहात ठेवता येत नाहीत, ते प्लास्टिक पुढे आतून कागद खात जातं. फार वाईट वाटतं. हवं तर छायाचित्रं पाठवा, आम्ही बघू. पेटीचा उल्लेख नव्हता. मी बरंच भांडले, खरं तर. फोन करून म्हटलं, नुसती नावाची पेटी ठेवा, आत छायाचित्रं ठेवा, म्हातारा माणूस आहे, त्याचे फार दिवस राहिले नाहीत. त्या म्हणाल्या, मी समजू शकते, पण रिकाम्या पेट्यांचं आर्खीव नसतं. बरोबरच होतं त्यांचं. मला त्या बरोबर असण्याचाच राग आला.

नवरा म्हणाला, "पापाला सांगूच नको. गेले घेऊन, असं सांग." मला ते पटलं नाही. ज्या माणसानं मला एकच गोष्ट सांभाळायला दिली होती त्याच्या तोंडावर खोटं बोलायला माझी जीभ उचलली नसती. मी चकचकीत कागदांचा गठ्ठा आणि रिकामा डबा पिशवीत घालून फ्लेगेहाइमला गेले. बाबांना म्हटलं, आज तुम्ही येऊ नका, त्यांची तपासणी आहे.

सासरे खिडकीजवळच्या खुर्चीत होते. मी सगळं सांगितलं, काही न लपवता. पट्ट्या, शिक्का, तज्ज्ञ, आर्खीवचं पत्र. सांगताना त्यांच्याकडे बघवत नव्हतं, मी पायाखालच्या लिनोलियमशी बोलत होते. माझं संपल्यावर त्यांनी हात पुढे केला. मी वरचा कागद दिला, तो शेऱ्याचाच होता. त्यांनी तो उजेडात धरला. प्लास्टिक चमकत होतं म्हणून तिरका केला. मग सवयीनं नाकाशी नेला.

"याला वास नाही," म्हणाले.

मला काहीतरी बोलायचं होतं. त्यांनी हातानं थांबवलं. "मला वडिलांचं काही आठवत नाही, तुला माहीत आहे. आई म्हणायची, दवाखान्यातून आले की त्यांच्या कोटाला असा वास यायचा. डबा उघडला की मला वाटायचं, असतील असे." एवढं बोलून त्यांनी कागद उलटा करून मांडीवर ठेवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. असतं तर मला बरं वाटलं असतं. मी डबा पुढे केला, म्हटलं, याला अजून येतो. त्यांनी झाकण काढलं, आत नाक घातलं, आणि मान हलवली. येत असेल किंवा नसेल. मी विचारलं नाही.

मग एकदम ताठ बसले आणि ऑस्ट्रियन लष्करी सर्जनचा मुलगा बोलावा तसं बोलले. "हेर डिरेक्टोरला हे कळता कामा नये. कधीच नाही. तू वचन दे."

मी म्हटलं, पापा, तुम्ही रागवा तरी. त्यांच्यावर नाही तर माझ्यावर. ते म्हणाले, "कुणावर? त्याच्या घरात पाणी शिरलं होतं. त्यानं मला सांगितलंय. बायकोची पत्रं सुद्धा राहिली नाहीत म्हणाला. त्यानं माझ्या वडिलांना पाण्यातून काढलं, असं त्याला वाटतंय. वाटू दे." आणि मग हळू आवाजात, "मला पण वाटलं असतं तर बरं झालं असतं."

बाबांनी विचारलंच. दुसऱ्याच दिवशी, माझ्यासमोर. "व्याहीसाहेब, आर्खीववाले काय म्हणाले?" सासऱ्यांनी असं नाटक केलं की मी बघत राहिले. इथंच येऊन घेऊन गेले, फार खूश झाले म्हणाले. त्या बाईंनी विचारलं, हे एवढं व्यवस्थित काम कुणी केलं? मी सांगितलं, माझ्या सुनेच्या वडिलांनी, ते भारतात मुख्याध्यापक होते. गेनाऊ, अगदी असंच म्हणालो. बाबा लाजले. खरोखर लाजले, कानापर्यंत. "छे, त्यात काय एवढं," म्हणाले आणि चटणीचा डबा उघडत बसले. मी खिडकीबाहेर बघत होते. बाहेर सायकलींच्या स्टँडपाशी कुणीतरी चाकात हवा भरत होतं. सासऱ्यांनी त्या दिवशी चटणी बोटभर घेतली आणि इतके खोकले की सिस्टर धावत आली.

बाबांचा व्हिसा संपला, ते सांगलीला गेले. निरोप घेताना दोघं म्हातारे एकमेकांचे हात धरून उभे होते. बाबा म्हणाले, पुढच्या वर्षी आपण दोघं जाऊन ती पेटी बघू. सासरे म्हणाले, हो, नक्की. पुढचं वर्ष नाही हे तिघांपैकी दोघांना ठाऊक होतं.

थंडी सुरू व्हायच्या आत सासरे गेले. शेवटच्या दिवसांत त्यांनी कागदांचं नाव काढलं नाही. मी दोनदा गठ्ठा नेला, वाचून दाखवता का म्हटलं. नको म्हणाले. पाठ असलेला शेरा सुद्धा पुन्हा म्हणून दाखवला नाही. मी त्यांचा हात हातात घेऊन बसायचे आणि मला वाटायचं, आता काहीतरी बोलतील, माफ केलं म्हणतील, किंवा नाही केलं म्हणतील. ते हवापाण्याचं बोलायचे. खोलीतलं कपाट रिकामं करताना रिकामा डबा खालच्या कप्प्यात बुटांच्या मागे सापडला. झाकण घट्ट लावलेलं होतं. मी ते उघडलं. नुसत्या पत्र्याचा वास आला.

कागद, डबा, सगळं केलरमध्ये गेलं. सासरे म्हणाले होते तसंच. फक्त ठेवणारी मी होते आणि मी विसरलेली नाही.

बाबा तिकडे गावभर सांगतात. माझ्या व्याह्यांचे वडील ऑस्ट्रियाच्या बादशहाच्या पलटणीत सर्जन होते, त्यांचे कागद जर्मनीच्या आर्खीवमध्ये आहेत, आणि ते टिकवले मी. दर रविवारी फोनवर विचारतात, पेटी बघून आलीस का? काचेत ठेवलीय का? उन्हाकडे तोंड नाही ना? मी सांगते, नाही बाबा, आत अंधारात आहे. तेवढंच एक खरं बोलते.

मागच्या वर्षी आमच्या सांगलीच्या गल्लीतल्या एका कुटुंबातला मुलगा इकडे मास्टर्सला आला. बाबांनी त्याच्याबरोबर मला मेतकूट, लोणचं आणि एक फाइल पाठवली. फाइलमध्ये ते स्वतः होते. बी.एड.चं प्रमाणपत्र, मुख्याध्यापकपदाचा आदेश, सत्काराचं मानपत्र. नळाखाली धुतलेले तेच कागद, एका कोपऱ्यात प्लास्टिकच्या आत अजून कृष्णेच्या गाळाची बारीक रेघ. फोनवर म्हणाले, "हे पण व्याहीसाहेबांच्या पेटीशेजारी ठेवायला सांग. आता माझ्यानंतर इथं कोण बघणारंय? तिथं निदान दोघं शेजारी राहतील. त्यांना सांग, लॅमिनेट केलेले आहेत, काही त्रास होणार नाही."

मी हो म्हटलं. फाइल केलरमध्ये नेली आणि सासऱ्यांच्या गठ्ठ्यावर ठेवली. तेवढं माझ्या हातात होतं, ते केलं.

या वसंतात आम्ही लहान घरात जायचं ठरवलं. मुलगी लुडविग्सहाफेनहून मदतीला आली. ती तिथं केमिस्ट आहे. गुणी आहे, कामाला वाघ आहे, मराठी सगळं समजतं आणि उत्तर जर्मनमध्ये येतं, आईला सुद्धा तिथल्यासारखं "मामा"च म्हणते. आम्ही दोघी केलर आवरत होतो. तिनं दिवसभर एकेक वस्तू वर धरून एकच प्रश्न विचारला, "कान दास वेक?" हे टाकायचं का? जुनी बर्फावरची घसरगाडी, टाकायची. फुटका दिवा, टाकायचा. मग तिनं कोपऱ्यातला गठ्ठा ओढला, वर बाबांची फाइल, खाली सासऱ्यांचे कागद, आणि पावाचा डबा.

"कान दास वेक?"

मी हातातला झाडू भिंतीला टेकवला. तिनं वरचं पान बोटात धरून वाकवून बघितलं, आणि मी विचारात पडले ती कुठल्या डब्यात टाकायचं म्हणून, असं समजून मला समजावलं. हे कागदाच्या डब्यात जाणार नाही मामा, आत प्लास्टिक आहे. आणि प्लास्टिकच्या पिशवीत पण नाही, आत कागद आहे. वेगळं करता येत नाही ना. हे रेस्टम्यूलमध्ये जातं. रेस्टम्यूल म्हणजे ज्याचं कशातच काही होत नाही तो कचरा, जाळायला नेतात.

मी तिच्या हातातून पान घेतलं. बाबांचा नेमणुकीचा आदेश होता. म्हटलं, हे तुझे दोन्ही आजोबा आहेत. हे आपल्याबरोबर येणार.

ती लगेच "ओके" म्हणाली. तिनं गठ्ठा खोक्यात नीट ठेवला, वर डबा ठेवला, खोक्यावर पेननं "मामा" लिहिलं. वाईट मुलगी नाही ती. हात झटकून सरळ उभी राहिली आणि अगदी साधेपणानं, जिन्यातला दिवा लावता लावता म्हणाली, "म्हणजे मग नंतर ते मलाच टाकावं लागेल."

म्हटलं, हो. तुलाच.